“विमान जमिनीवर आहे” म्हणजे नेमकं काय? साध्या वाक्याची फॉर्मल रिक्वायरमेंट कशी करायची

आमचं गाव परभणीहून पाऊण तासावर. मागच्या रब्बीत काका म्हणाले, “लाइट आली की मोटर चालू झाली पाहिजे बग, रात्री दोनला उठून विहिरीवर जाणं आता होईना.” झाली रिक्वायरमेंट, म्हणजे यंत्रानं काय करायचं याची मागणी, एका वाक्यात. मी ऑटो, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा डबा, बसवायला म्हणून गेलो होतो पण वायरला हात लावायच्या आधी अर्धा तास नुसता विचारत बसलो. काका, लाइट आली म्हणजे तिन्ही फेज आले तरच, का एक आला तरी चालू करायची? “एका फेजवर मोटर जळती की रे, तिन्ही पाहिजेत.” आल्या आल्या लगेच का थोडं थांबून? “थांबून. आली की दोन-चारदा जाती-येती, मग टिकती.” विहीर तळाला गेली असेल तर? टाकी आधीच भरलेली असेल तर? यातलं एकही त्या वाक्यात नव्हतं, पण काकांना सगळं माहीत होतं, सांगायची गरज वाटली नव्हती एवढंच, कारण इतकी वर्षं स्टार्टर ते स्वतःच्या हातानं दाबत आलेत आणि हे सगळं बघून मगच दाबतात.

मी विमानातल्या कंट्रोल सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंट तपासायचं काम करतो आणि दिवसभर माझ्यासमोर काकांच्या वाक्यासारखीच वाक्यं येतात, फक्त इंग्रजीत अन् मोटरच्या जागी स्पॉयलर किंवा इंधनाचा व्हॉल्व्ह. लिहिणारा माणूस हुशार असतो, त्याला सगळं माहीत असतं, म्हणूनच वाक्यात जागा रिकाम्या राहतात. संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या कॉलेजातून पास होऊन या कामाला लागलेली पोरं-पोरी मला विचारतात की सर फॉर्मल मेथड्स (रिक्वायरमेंट गणिताच्या भाषेत लिहून तपासायची पद्धत) शिकायच्यात, लॉजिकचं कुठलं चिन्ह आधी पाठ करू. चिन्हं आठवड्यात येतात. अवघड आहे ते रिकामी जागा ओळखणं, आणि ओळखल्यावर ती आपल्या मनानं न भरणं. म्हणून पायऱ्या त्याच क्रमानं सांगतो.

आधी वाक्य फोडा

सरावाला माझंच बनवलेलं एक वाक्य घेऊ, कुठल्या खऱ्या डॉक्युमेंटमधलं नाही. “विमान उतरल्यावर स्पॉयलर लगेच उघडावेत आणि पायलटला गरजेप्रमाणे रिव्हर्सर वापरता यावा.” स्पॉयलर म्हणजे पंखावरच्या त्या फळ्या ज्या उभ्या झाल्या की पंखाची उचल मोडते आणि वजन चाकांवर येतं, मग ब्रेक धरतात. रिव्हर्सर म्हणजे इंजिनाचा झोत पुढं वळवून वेग मारायची सोय.

“आणि” दिसला की तिथं वाक्य तोडायचं. एका रिक्वायरमेंटमध्ये एकच काम. वरच्या वाक्यात दोन आहेत, स्पॉयलरचं आणि रिव्हर्सरचं, आणि एक नापास झालं तर दुसऱ्याचं काय हे एकत्र ठेवून कधीच कळणार नाही. मग पेन घेऊन ज्या शब्दाला आकडा किंवा व्याख्या नाही त्याच्याखाली रेघ मारा: उतरल्यावर, लगेच, गरजेप्रमाणे. “योग्य”, “शक्यतो”, “सामान्य परिस्थितीत”, “पुरेसा”, “इत्यादी” हे शब्द तर दिसले की थांबायचंच. प्रत्येक रेघेचा एक प्रश्न करा, वहीत लिहा, समोर कुणाला विचारायचं त्याचं नाव लिहा. ही वही पुढं शेवटपर्यंत लागते.

मग प्रत्येक नाव वायरपर्यंत न्या

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. “विमान उतरलं” हे आपल्याला डोळ्यांनी दिसतं पण कॉम्प्युटरला असा एकही सिग्नल येत नाही. त्याला येतात चाकाच्या पायावरच्या दाबाचे सिग्नल, चाक फिरायचा वेग, रेडिओ अल्टिमीटरची उंची. यातल्या कशाकशाला मिळून “उतरलं” म्हणायचं हे कुणीतरी ठरवतं, आणि त्या ठरवण्यात माणसं वाचतात किंवा मरतात, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

२६ मे १९९१ ला थायलंडवर एका बोइंग ७६७ चा रिव्हर्सर हवेत असतानाच उघडला, विमानातले सगळे २२३ जण गेले. म्हणजे हवेत रिव्हर्सर उघडता कामा नये ही रिक्वायरमेंट किती कडक पाहिजे ते समजतं. आता दुसरी बाजू बघा. १४ सप्टेंबर १९९३, वॉर्सा, एअरबस ए३२०. धावपट्टी ओली. आडव्या वाऱ्याची सूचना मिळालेली म्हणून पायलटनं नियमाप्रमाणे विमान एका बाजूला झुकवून आणि वेग थोडा वाढवून आणलं, पण तोवर वारा फिरून मागून यायला लागला होता. उजवं चाक आधी टेकलं आणि डावं तब्बल ९ सेकंदांनी, तेव्हा विमान २८०० मीटरच्या धावपट्टीवर दीड किलोमीटर आत गेलेलं. त्या विमानात स्पॉयलर आपोआप उघडायची अट अशी होती की दोन्ही बाजूंच्या मुख्य चाकांच्या पायांवर प्रत्येकी ६.३ टनांच्या वर वजन पाहिजे, किंवा चाकं ७२ नॉटच्या (नॉट हे विमानाच्या वेगाचं एकक) वर फिरत पाहिजेत. रिव्हर्सरला दोन्ही पाय दाबलेले लागायचे. एकाच पायावर विमान, म्हणून वजनाची अट खोटी. पाण्यावरून चाकं घसरायली, नीट फिरंनात, म्हणून वेगाचीही अट खोटी. कॉम्प्युटरच्या हिशेबात विमान अजून हवेतच. धावपट्टी संपली, विमान पुढच्या मातीच्या बांधाला धडकून पेटलं, ७० पैकी २ जण गेले.

वाऱ्याची माहिती, वाढीव वेग, कारणं बरीच होती. पण सॉफ्टवेअरकडं बघाल तर त्यानं लिहिल्याप्रमाणे तंतोतंत केलं, कोडात एकही बग नव्हता. “जमिनीवर” या एका शब्दाची व्याख्या ओल्या धावपट्टीवर एका पायावर उतरलेल्या विमानाला लागू होत नव्हती. एका बाजूला १९९१, दुसऱ्या बाजूला १९९३, आणि मधे तो एक शब्द. म्हणून तुमच्याकडं कुणी “ऑन ग्राउंड” असं नुसतं लिहून दिलं तर ते व्हेरिएबल समजून पुढं जाऊ नका, त्याच्या आत काय आहे ते मागा.

प्रत्येक नावासाठी एक ओळ करा: सिग्नलचं नाव, कुठून येतो, एकक काय, सगळ्यात लहान आणि मोठी किंमत किती, दर किती मिलीसेकंदाला नवा येतो, आणि तो खराब झाला तर काय धरायचं. शेवटचे दोन रकाने नवी मंडळी हमखास रिकामे सोडतात. किमतीच्या रकान्याबद्दल एकच सांगतो, ४ जून १९९६ ला पहिलं एरियन ५ रॉकेट उडाल्यावर सुमारे ४० सेकंदांत फुटलं कारण आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची फ्लोटिंग किंमत १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायला गेले आणि ती तिथं मावणाऱ्या ३२७६७ च्या वर गेली. कोड एरियन ४ वरून उचललेला, त्या रॉकेटच्या मार्गावर ती किंमत बसत होती. “मोठ्यात मोठी किंमत किती, आणि कुठल्या रॉकेटवर” हा प्रश्न वहीत आला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

वेळ: “लगेच”, “आत”, “सलग”

काकांकडं परत येऊ. “तिन्ही फेज आल्यावर ३० सेकंदांनी चालू” असं मी पहिल्यांदा लिहिलं. आता कागदावर तीन रेघा ओढा, वर फेज, मधे टायमर, खाली मोटर, आणि चालवून बघा. शून्य सेकंदाला लाइट आली, दहाव्याला गेली, पंधराव्याला परत आली. मोटर तिसाव्या सेकंदाला चालू करायची का पंचेचाळिसाव्या? माझ्या वाक्याप्रमाणे दोन्ही बरोबर. काकांना पाहिजे होतं “सलग ३० सेकंद टिकली तर”. “च्या आत”, “नंतर” आणि “सलग” हे तीन वेगळे अर्थ आहेत, बोलताना आपण एकाच सुरात बोलतो, फॉर्म्युल्यात तिघांचे फॉर्म्युले वेगळे. म्हणून प्रत्येक वेळेच्या शब्दाला अशा तीन रेघा ओढल्याशिवाय पुढं जायचं नाही, मी आजही ओढतो.

दुसरी गोष्ट “जेव्हा”. “जेव्हा टाकी रिकामी” म्हणजे रिकामी झाली तो क्षण, का रिकामी आहे तो सगळा काळ? पहिल्यात आज्ञा एकदा जाते, दुसऱ्यात प्रत्येक क्षणी लागू राहते. मराठीत “रिकामी झाली की” आणि “रिकामी असेपर्यंत” असा फरक आपल्या तोंडात आपसूक येतो, त्याचा फायदा घ्या. इंग्रजी वाक्य आधी आपल्या भाषेत मोठ्यानं बोलून बघितलं की कुठला अर्थ धरायचा हा प्रश्न लगेच वर येतो. मी हे मीटिंगमध्ये पण करतो.

तिसरी गोष्ट आठवणीची, आणि ही फार लपलेली असते. नासाचं मार्स पोलर लँडर हे यान ३ डिसेंबर १९९९ ला मंगळावर उतरताना गेलं. टेलिमेट्री, म्हणजे उतरतानाची यानाकडून येणारी माहिती, नव्हती, पण चौकशीत सगळ्यात शक्य कारण असं धरलं गेलं: वर हवेत पाय उघडताना झटका बसून पायातल्या सेन्सरनं क्षणभर “टेकलो” असा खोटा सिग्नल दिला, सॉफ्टवेअरनं तो लक्षात ठेवला, आणि सुमारे ४० मीटर उंचीवर सेन्सरकडं बघायची वेळ आली तेव्हा तीच जुनी आठवण खरी मानून इंजिन बंद केलं. असा खोटा झटका येतो हे चाचण्यांतून माहीत होतं, सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंटमध्ये ते उतरलं नाही. म्हणून “अमुक उंचीच्या खाली सेन्सर वापरा” असं वाक्य आलं की विचारा, वापरायला सुरू करताना आधीचं साठवलेलं पुसायचं का ठेवायचं?

आता चौकटीत बसवा

इतकं झाल्यावर वाक्य ठरलेल्या साच्यात लिहायचं. नव्यांसाठी ईअर्स हे साच्यांचं तंत्र सगळ्यात सोपं, रोल्स-रॉइसमधल्या अलिस्टर मॅविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेलं. मोजून पाच साचे: नेहमी लागू असणारं, काही घडलं की (व्हेन), एखादी स्थिती असेपर्यंत (व्हाइल), नको ते घडलं तर (इफ-देन), आणि एखादी सोय विमानात बसवलेली असेल तिथं (व्हेअर). “नको ते घडलं तर” या साच्यात एकही वाक्य नसेल तर समजा की अजून काम निम्मंच झालंय, सेन्सर खराब झाल्यावर काय हे कुणी लिहिलंच नाही.

त्याच्या पुढचं पाऊल म्हणजे नासाच्या एम्स सेंटरचं फ्रेट हे टूल. ओपन सोर्स आहे, फुकट उतरवून घ्या आणि रोज दोन वाक्यं त्यात टाका. त्यात वाक्याचे सहा भाग असतात: स्कोप, कंडिशन, कंपोनंट, शॅल, टायमिंग, रिस्पॉन्स. भरलं की फॉर्म्युला तो स्वतः बनवून देतो आणि चित्रही दाखवतो. एक काळजी घ्या, टायमिंग रिकामं सोडलं तर तो “कधीतरी” असं धरतो. म्हणजे स्पॉयलर विमान हँगरमध्ये गेल्यावर उघडले तरी रिक्वायरमेंट पास!

आपलं वाक्य आता असं: लँडिंग मोडमध्ये, “जमिनीवर” हे खोट्याचं खरं झालं की, स्पॉयलर कंट्रोलरनं ०.५ सेकंदाच्या आत स्पॉयलर उघडायची आज्ञा द्यावी. ०.५ हा सरावाचा आकडा आहे, खरा आकडा ब्रेकिंगचा हिशेब करणाऱ्या टीमकडून येतो.

फॉर्म्युला

टेम्पोरल लॉजिक, म्हणजे वेळेबद्दल बोलता येणारं लॉजिक, १९७७ मध्ये अमीर पनुएली यांनी प्रोग्राम तपासायला वापरात आणलं, त्यांना १९९६ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं. सुरुवातीला चार शब्द पुरतात: नेहमी, कधीतरी, पुढच्या क्षणी, अमुक होईपर्यंत. त्यात सेकंदांची मर्यादा जोडली की आपलं काम होतं.

नेहमी ( लँडिंग_मोड आणि जमिनीवर आत्ता खरं आणि मागच्या क्षणी खोटं → ०.५ सेकंदाच्या आत स्पॉयलर_आज्ञा )

बाण म्हणजे “असं असेल तर”. याच बाणात खड्डा आहे. बाणाच्या डावीकडची अट कधीच खरी झाली नाही तर अख्खा फॉर्म्युला आपोआप खरा, मॉडेल चेकर (फॉर्म्युला सगळ्या शक्यतांवर आपोआप तपासणारं टूल) हिरवा देतो आणि आपण खूश होतो. वॉर्साच्या उतरण्यात त्या ९ सेकंदांत “जमिनीवर” खोटंच होतं, म्हणजे असा फॉर्म्युला तिथं पास झाला असता. म्हणून हिरवं आलं की दुसरी चाचणी लगेच लावा: डावी बाजू खरी होते असा एक तरी प्रसंग दाखव, असं टूलला सांगा. नाही दाखवू शकला तर हिरव्याला काही अर्थ नाही.

तपासा, आणि माणसाला परत वाचून दाखवा

एकेक वाक्य बरोबर असून एकत्र भांडू शकतात. काकांची दोन वाक्यं, “फेज सलग ३० सेकंद टिकले की मोटर चालू” आणि “टाकी भरलेली असेपर्यंत मोटर बंद”. टाकी भरलेली आहे आणि रात्री लाइट आली. आता? दोन्ही पाळणारा स्टार्टर जगात बनवता येत नाही. फ्रेटमध्ये आणि इतर टूलमध्ये ही तपासणी आहे, तिचं नाव रिअलायझेबिलिटी, आणि भांडण सापडलं की कुठलं वाक्य जिंकतं हे आपण ठरवायचं नाही, वहीत लिहायचं आणि विचारायला जायचं.

आणि आणखी एक जे एका डब्याच्या फॉर्म्युल्यात दिसत नाही. आमच्या डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) जवळजवळ सगळ्यांनी ऑटो बसवलेत. सगळ्यांनीच ३० सेकंद ठेवले तर तिसाव्या सेकंदाला सगळ्या मोटारी एकदम उचलतात आणि डीपीवर भार येतो, प्रत्येक स्टार्टरची रिक्वायरमेंट पास अन् डीपी जळालेली. विमानात पण एका बसवर, म्हणजे सामायिक वायरवर, बरेच डबे बसलेले असतात, वरच्या पातळीची रिक्वायरमेंट वेगळी लिहावी लागते, खालच्यांची बेरीज करून ती मिळत नाही.

परत वाचून दाखवताना पायलटला किंवा सिस्टिम इंजिनिअरला फॉर्म्युला दाखवू नका, ते मान हलवतील आणि तुम्हाला वाटेल कळलं. प्रसंग दाखवा. “मॅडम, उजवं चाक टेकलं, डावं ९ सेकंद टेकलंच नाही, तेवढा वेळ स्पॉयलर बंद राहतात, हे तुम्हाला चालंल का?” असं विचारलं की खरी उत्तरं येतात. सात-आठ प्रसंग न्या, त्यातले दोन असे न्या जे तुमच्या मते चुकीचे आहेत, बघा त्यांना ते खटकतात का.

मनानं भरलेला आकडा

पहिल्या प्रोजेक्टवर मी हे केलंय म्हणून सांगतो. एका सेन्सरचा सिग्नल किती वेळ खराब राहिला की तो फेल धरायचा, याचा आकडा वाक्यात नव्हता. आधीच्या प्रोजेक्टात २०० मिलीसेकंद होता, मी तोच टाकला, कुणाला विचारलं नाही कारण नवीन होतो आणि हे पण माहीत नाही असं कुणी म्हणू नये असं वाटत होतं. फॉर्म्युला बनला, चेकर हिरवा, टेस्ट पास. चार महिन्यांनी रिव्ह्यूमध्ये सेफ्टीच्या मॅडमनी त्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, “हा कुठून आला?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. या सेन्सरला तेवढा वेळ थांबणं परवडणारं नव्हतं, मॉडेलपासून टेस्टपर्यंत सगळं पुन्हा करावं लागलं. खोलीत कुणी ओरडलं नाही, पण तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

विमानाच्या सॉफ्टवेअरचं मुख्य गाइडन्स डॉक्युमेंट आहे डीओ-१७८सी, २०११ चं, आणि त्याच्याबरोबर फॉर्मल मेथड्ससाठी डीओ-३३३ ही पुरवणी. त्यात अशा आकड्याला नाव आहे: डिराइव्ड रिक्वायरमेंट, म्हणजे वरच्या रिक्वायरमेंटमधून सरळ निघत नाही पण आपण घातली. घालायला बंदी नाही. पण का घातली ते लिहायचं आणि सेफ्टी असेसमेंट करणाऱ्यांकडं पाठवायचं, लपून राहता कामा नये. बाकी प्रत्येक फॉर्म्युला वर कुठल्या वाक्यातून आला आणि खाली कुठल्या कोडात, कुठल्या टेस्टमध्ये गेला याचा दोन्ही बाजूंनी माग ठेवायचा. किती कडक, ते लेव्हलवर ठरतं: ए लेव्हलला, म्हणजे चूक झाली तर विमानच जाऊ शकतं अशा सॉफ्टवेअरला, ७१ उद्दिष्टं पूर्ण करावी लागतात, डी लेव्हलला २६.

सरावाला घरातली मोटर घ्या, गिझर घ्या, लिफ्ट घ्या. एक वाक्य, रेघा, वही, सिग्नलचे रकाने, तीन रेघांचं चित्र, मग फ्रेट. पहिल्या वाक्याला दोन-तीन दिवस लागले तरी चालतंय.

काकांच्या स्टार्टरच्या झाकणाला आतून मी त्यांची सहा वाक्यं चिकटवलीत. एक फेज गेल्यावर किती सेकंदांत बंद करायची हा आकडा रिवाइंडिंगवाल्याकडून आणला, थांबायचे सेकंद शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाचे वेगळे ठेवले. सातवी ओळ अजून अर्धी आहे: “विहिरीतला पाण्याचा सेन्सरच खराब झाला तर मोटर ……” चालू ठेवली तर कोरडी फिरून जळंल, बंद केली तर ऐन उन्हाळ्यात रान वाळंल. काका म्हणाले विचार करून सांगतो. पुढच्या खेपेला गेलो की विचारायचंय.